पट्टीपर्यंतचं पाणी

कोपरापर्यंत हात पाण्यात घालून सिस्टर मेलेला मासा शोधत होत्या, आणि पाठीमागे पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठक ठक सुरू झाली.

“आले, आले,” त्या म्हणाल्या. “दोनच हात आहेत मला.”

मासा लाकडाच्या ओंडक्याखाली अडकला होता. बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळी रेघ असलेला. त्यांनी तो चिमटीत धरून बाहेर काढला, कागदाच्या पुडीत बांधला, साबणाने हात धुतले आणि मग पलंगापाशी गेल्या. पलंगावर मास्तर. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही दोन महिन्यांपूर्वी एकाच सकाळी गेलेलं. उरला डावा हात, आणि त्या हातातल्या अंगठीने ते दांडा ठोकत होते. बेडपॅन हवंय का, सिस्टरांनी विचारलं. मान हलली, नाही. पाणी? नाही. कूस बदलायची? नाही. पेशंटच्या मानेवर सिस्टरांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांनी कूस बदलली, पाठीला पावडर लावली, चादरीची सुरकुती ओढून काढली आणि बेडपॅनही ठेवून पाहिलं. एवढं सगळं होईपर्यंत मास्तर गप्प राहिले. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट उचलून फिशटँककडे दाखवलं.

“हो, बदलतेय ना पाणी. अर्धं झालंय. चकचकीत केल्याशिवाय सोडणार आहे का मी?”

त्या टँककडे वळल्या, रबरी नळीचं तोंड पुन्हा पाण्यात बुडवलं. ठक ठक पुन्हा सुरू झाली.

पलंगाच्या पायथ्याशी खिळ्याला एक चार्ट टांगलेला होता. दवाखान्यात असतो तसाच, सिस्टरांनी स्वतः पट्टीने रेघा मारून केलेला. ताप, नाडी, रक्तदाब, पोटात किती गेलं, बाहेर किती आलं. शेवटचा रकाना ‘इतर’. पाणी बदलून झाल्यावर त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि त्या रकान्यात लिहिलं: सकाळी सव्वासात ते आठ, अस्वस्थ, ठोकणे, कारण समजत नाही. हेच वाक्य वरच्या ओळीतही होतं, आणि त्याच्याही वरच्या.

एकतीस वर्षं सिस्टर जळीत वॉर्डात होत्या, त्यातली शेवटची अकरा मुख्य म्हणून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सिस्टरच म्हणत, आणि घरात मास्तरही थट्टेने तेच म्हणायचे. ज्याची कातडी गेली त्याला आग मारत नाही, नंतर शिरणारे जंतू मारतात, हे त्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायच्या आणि लगेच तिची नखं तपासायच्या. त्यांच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा दारात थबकून आपल्या चपलांकडे बघायचे. चादरीचा कोपरा वाकडा दिसला तर पेशंटसकट पलंग पुन्हा लावला जाई. असा हात घरी आल्यावर काय करणार? स्वयंपाकघरातले धुतलेले कप दुपारी पुन्हा धुतले जात. त्यांच्या पायाला भिंगरी होती, आणि निवृत्तीनंतर तिला फिरायला फक्त तीन खोल्या उरल्या होत्या.

मास्तर याच्या अगदी उलटे. खरं तर ते मास्तर नव्हतेच, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. परीक्षानळ्या धुवायच्या, रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. पण मुलं मास्तर म्हणायची आणि नाव चिकटलं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी बसायच्या खोलीत तीन फुटी फिशटँक आणला. त्यात तळाला काळी माती, तिच्यात खरी झाडं, मधोमध ओंडका आणि बावीस निळे मासे. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून ते त्याच्यासमोर तासभर बसत. काही करत नसत, नुसते बसत. सिस्टर त्याला ‘तुमचं डबकं’ म्हणायच्या. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. दर शनिवारी संध्याकाळी ते दोन बादल्या नळाखाली भरून गॅलरीत झाकून ठेवत आणि रविवारी सकाळी टँकमधलं थोडं पाणी काढून त्या ओतत. त्या बादल्यांना ठेचकाळून सिस्टर चौदा वर्षं चिडल्या होत्या. ताजं पाणी नळाला असताना हे शिळं कशाला, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. रविवारी त्यांची बहुधा ड्यूटी असायची.

मास्तरांना दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी सिस्टरांनी घर धुऊन काढलं. त्यात टँकही आला. त्यांनी काचेवरचा हिरवा थर ब्लेडने खरवडला. काचेच्या कडेला वरून चारेक बोटांवर चिकटपट्टीचा एक जुना, पिवळट तुकडा होता, तोही नखाने काढून टाकला. पाणी सगळंच बदललं, तळापासून. पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज बाहेर काढला तेव्हा तर त्यांना शिसारीच आली. काळा, बुळबुळीत, मातीचा वास येणारा. त्यांनी तो मोठ्या पातेल्यात घातला आणि पूर्वी सुया उकळायच्या तसा वीस मिनिटं उकळला. घड्याळ लावून. स्पंज नव्यासारखा पिवळाधमक झाला.

दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवरून आत येताना मास्तरांची नजर आधी टँकवर गेली. काच आरशासारखी लखलखत होती. त्यांचे डोळे भरून आले. सिस्टरांना फार बरं वाटलं. संसारात पहिल्यांदाच आपण यांच्या डबक्यासाठी काही केलं, असं त्यांनी त्या रात्री मुलीला फोनवर सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. सिस्टरांनी ते बदललं. पाचव्या दिवशी पहिला मासा मेला, म्हणून त्यांनी आणखी जास्त बदललं. मग रोजच. झाडांची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळायला लागली. सिस्टर ती वेचून काढत, काच पुसत, स्पंज पुन्हा उकळत. सकाळी सव्वासातला नळी घेऊन त्या उभ्या राहिल्या की ठक ठक सुरू होई आणि मास्तर टँककडे बोट दाखवत. यांना डबक्याची काळजी लागली आहे, सिस्टरांना कळत होतं. म्हणून त्या आणखी जोरात घासत. मुलगी परगावी होती. बाबा आठवड्यातून एकदाच पाणी बदलायचे, असं ती फोनवर म्हणाली, तर सिस्टरांनी तिला ऐकवलं की तुझे बाबा दाढीही आठवड्यातून एकदाच करायचे.

अठराव्या दिवशी, पेराएवढा तो मासा पुडीत बांधला तेव्हा, बावीसातले अकरा उरले होते.

एकोणिसाव्या दिवशी नळ आले नाहीत. कुठेतरी मोठी पाइप फुटली होती, दोन दिवस पाणी यायचं नव्हतं. घरात साठवलेलं पाणी पिण्यापुरतं आणि मास्तरांपुरतं. सिस्टर सकाळी सव्वासातला नळी हातात घेऊन टँकसमोर उभ्या राहिल्या आणि नळी पुन्हा खुंटीला अडकवली. त्यांना चैन पडेना. त्यांनी औषधांचा डबा रिकामा करून पुन्हा लावला, मग तारखेप्रमाणे लावला. उशांचे अभ्रे बदलले. दुपारी टँककडे पाठ करून बसल्या, कारण त्या गढूळ पाण्याकडे बघितलं की हात शिवशिवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तरांचा रक्तदाब लिहायला त्यांनी चार्ट काढला आणि पेन तसंच हातात राहिलं. ‘इतर’चा रकाना दोन दिवस कोरा होता. काल सकाळी ठोकणं नाही. आज सकाळी ठोकणं नाही. रक्तदाबही दोन्ही दिवस खाली. सिस्टरांनी मागची पानं उलटली. एकतीस वर्षं त्या असेच चार्ट वाचत आल्या होत्या. पेशंट खोटं बोलतो, नातेवाईक खोटं बोलतात, चार्ट खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. सव्वासात ते आठ. सव्वासात ते आठ. एका रविवारी त्यांना उशीर झाला होता, त्या दिवशी नऊ ते पावणेदहा. मेलेले मासेही त्यांनी शेजारी टिपून ठेवले होते. गेल्या दोन दिवसांत एकही नाही.

त्यांनी स्टूल ओढलं आणि पलंगाला लागून बसल्या. वीस दिवसांत त्या या पलंगाशेजारी शंभर वेळा वाकल्या होत्या, बसल्या नव्हत्या.

“अहो, मी पाणी बदलते म्हणून ठोकता का?”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मान हलली. हो.

“बदलू नको म्हणून?”

हो.

“आणि ते टँककडे बोट?”

मास्तरांनी डावा हात उचलला. तळवा पुढे करून तो हवेत तसाच धरला. रस्त्यात गाडी थांबवायला धरतात तसा. मग तो खाली पडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि या वेळी सिस्टरांना ते आनंदाचं वाटलं नाही. स्ट्रेचरवरचे ते भरलेले डोळे त्यांना आठवले. तोंडात मारल्यासारखं झालं.

चार वाजता मास्तरांचे व्यायाम करून घेणारी मुलगी यायची. ती तासभर असे. तिच्यावर मास्तरांना सोपवून सिस्टर माशांच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे लांबट, दमट खोली, दोन्ही बाजूंना टँक आणि सगळ्या यंत्रांची एकच गुरगुर. दुकानदार सिस्टरांच्याच वयाचा, सावकाश बोलणारा. त्याला मास्तर माहीत होते. बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत म्हणाला. सिस्टरांनी सांगितलं, तर त्याने हातातली जाळी खाली ठेवली. मग एकेक विचारत गेला. पाणी कसं बदलता? रोज. किती? निम्म्याच्या वर. नळाचं थेट? थेट. स्पंज धुतलात?

“उकळला,” सिस्टर म्हणाल्या. “तीनदा.”

समोरच्या टँकच्या काचेवर एक गोगलगाय चढत होती, दुकानदार तिच्याकडे बघत राहिला.

“बाई, त्या स्पंजात जंतू असतात.”

“म्हणून तर उकळला.”

“तेच जंतू पाणी सांभाळतात. माशांची घाण ते खातात. ते मेले की मासे आपल्याच घाणीत विषबाधा होऊन जातात. आणि नळाच्या पाण्यात औषध असतं, ते एक दिवस झाकून ठेवलं की उडून जातं. तुमचे साहेब बादल्या भरून ठेवत असतील बघा.”

सिस्टरांना आधी राग आला. जंतूंबद्दल या माणसाने आपल्याला शिकवावं? एकतीस वर्षं त्यांनी ज्यांच्याशी वैर केलं त्यांच्या बाजूने हा बाहेरचा माणूस बोलत होता. मग राग ओसरला आणि त्या जागी नुसती लाज उरली. गॅलरीतल्या झाकलेल्या बादल्या डोळ्यांसमोर आल्या. चौदा वर्षांत एकदा विचारलं असतं, तर मास्तरांनी सांगितलं असतं. तेव्हा त्यांना बोलता येत होतं.

“मग आता काय करू?” त्यांनी विचारलं. असा प्रश्न त्यांनी डॉक्टरांनाही फार वेळा विचारलेला नव्हता.

दुकानदार मागे गेला आणि आपल्या सगळ्यात जुन्या टँकमधला स्पंज काढून घेऊन आला. काळा, बुळबुळीत. तो त्याने तिथल्याच गढूळ पाण्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि तोंड बांधलं. हा यंत्रात तसाच बसवा, म्हणाला, धुवायचा नाही. बुधवारी एक बादली शिळं पाणी. मग दर रविवारी पाव हिस्सा, साहेब करायचे तसं.

“आणि मधल्या दिवसांत?”

“मधल्या दिवसांत काही नाही. बसायचं.”

ती पिशवी दोन्ही हातांत धरून सिस्टर घरी आल्या. वॉर्डात एखादीने असली वस्तू आणली असती तर त्यांनी तिला त्याच पावली बाहेर घातली असती. त्यांनी काळा स्पंज यंत्रात बसवला. घाण पाण्याचा एक लोट टँकमध्ये पसरला. त्यांनी डोळे मिटून घेतले. पलंगावरून ठक ठक झाली नाही.

तो आठवडा सिस्टरांना फार जड गेला. नळाला पाणी आलं होतं, हात रिकामे होते आणि टँक समोर होता. सव्वासात वाजले की त्या आपोआप उभ्या राहत आणि मग उभंच राहिल्याचं लक्षात येऊन बसत. सोमवारी आणखी एक मासा गेला. त्या नळीपर्यंत गेल्या, मास्तरांकडे पाहिलं, परत आल्या. मंगळवारी त्यांनी दिवसभरात तीन वेळा फरशी पुसली. बुधवारी बादलीभर शिळं पाणी ओतलं, तेवढंच. गुरुवारी जेवण भरवताना मास्तरांनी चमचा धरायला डावा हात पुढे केला. रोजच करत. रोज सिस्टर तो हात हळूच खाली ठेवत, कारण त्यांना भरवायला सात मिनिटं लागत आणि मास्तरांना स्वतः खायला किती लागतील याचा नेम नव्हता. त्या दिवशी त्या हाताकडे बघत थांबल्या. मग चमचा त्यांनी त्यात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या. भात सांडला. छातीवर, उशीवर, चादरीवर. सिस्टर टँककडे बघत राहिल्या. पाणी निवळायला लागलं होतं. ओंडक्याच्या बुंध्याशी एक पान, नखाएवढं, हिरवंगार, वर येत होतं. पाऊण तासाने चमचा ताटलीत पडल्याचा आवाज आला. ताटली निम्मी रिकामी होती आणि मास्तर घामेजले होते. व्यायामाच्या मुलीला त्यांचा चेहरा वेगळाच वाटला. आज काही झालं का, असं तिने विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, काही नाही, जेवले.

शनिवारी संध्याकाळी सिस्टरांनी दोन बादल्या भरून गॅलरीत झाकून ठेवल्या. रविवारी सकाळी नळी घेतली आणि मगच त्यांच्या ध्यानात आलं की पाणी कुठवर काढायचं हे त्यांना ठाऊक नाही. काचेवर जी पट्टी होती ती याचसाठी होती. तिच्यापर्यंत पाणी उतरलं की थांबायचं. आणि ती त्यांनी नखाने खरवडून कचऱ्यात टाकली होती.

पाव हिस्सा मोजता आला असता. फूटपट्टी घरात होती. त्या फूटपट्टी आणायला वळल्याही. मग त्यांनी मास्तरांना उठवून चाकाच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची टँकसमोर नेली, चाकं अडकवली. आपल्या पेटीतलं चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं, बोटभर तुकडा कापला आणि मास्तरांच्या डाव्या हाताच्या बोटांत दिला.

“किती ठेवायचं ते तुम्हीच लावा. मी काढली होती.”

मास्तर त्या तुकड्याकडे पाहत राहिले. मग हात उचलला. पट्टी अंगठ्याला चिकटली. अंगठा दुसऱ्या बोटावर घासून त्यांनी ती सोडवली, तर ती मधल्या बोटाला चिकटली. काचेपर्यंत हात गेला आणि खाली आला. पुन्हा गेला. सिस्टरांची बोटं पदराशी चाळा करत होती. एका क्षणात त्यांनी ती पट्टी लावली असती, काटकोनात, कुठेही बुडबुडा न ठेवता. हजारो जखमांवर त्यांनी पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि मुठीतच ठेवलं.

शेवटी पट्टी बसली. वाकडी. एक टोक वर, एक टोक बोटभर खाली, मधे सुरकुती. मास्तरांनी अंगठ्याने ती दाबली, दोनदा, आणि मागे टेकले. मग ते सिस्टरांकडे वळून पाहायला लागले, प्रयोगशाळेत बाटलीवर चिठ्ठी लावून झाल्यावर पाहत असतील तसे.

“छान बसली,” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी चार्टच्या ‘इतर’ रकान्यात त्यांनी लिहिलं: खुर्चीत पाऊण तास. शांत.

मास्तर त्यानंतर एक वर्ष आणि दोन महिने होते. बोलणं आलं नाही. चमचा आला, नंतर नंतर पेलाही आला. संध्याकाळी त्यांची खुर्ची टँकसमोर असायची आणि शेजारच्या स्टुलावर सिस्टर. पहिले काही आठवडे त्या विणकाम घेऊन बसत. मग ते सुटलं.

सगळं आटोपल्यावर मुलगी पंधरा दिवस राहिली. तिने आईला मदत म्हणून घर आवरायला घेतलं. भाड्याचा पलंग परत पाठवला, औषधं बांधली. आईचा हात तिला माहीत होता, म्हणून तिने कोपरा न् कोपरा पुसला. टँकची काच पुसताना तिला ती पट्टी दिसली. पिवळी पडलेली, कडा सुटत आलेल्या. तिने नख लावलं.

“ती राहू दे,” सिस्टर म्हणाल्या.

“अगं, किती वाकडी आहे. नवीन सरळ लावते ना.”

“नको. ती तुझ्या बाबांनी लावलीय.”

मुलीने हात मागे घेतला. रविवार होता. सिस्टरांनी गॅलरीतून कालच्या दोन बादल्या आणल्या, नळीचं एक टोक टँकमध्ये सोडलं, दुसरं रिकाम्या बादलीत, आणि पाणी पट्टीच्या खालच्या टोकाला येईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या.